घंटा उशिरा कुणाची वाजली

प्रिय सुताय,

'प्रिय' लिहायला हात वळत नव्हता. पण पत्र असंच सुरू करायचं असतं, हे तूच शिकवलंस. शाळेत मी तिसरीपर्यंत गेले. पुढचं सगळं तू भुईमूग सोलता सोलता माझ्याकडून गिरवून घेतलंस. तेव्हा चुका दिसल्या तर हसू नकोस. तुझं ते हसणं नदीच्या या काठापर्यंत ऐकू येतं.

आधी घरचं सांगते. तुझी काळी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. एक लंगडतंय, पण दूध पितंय. भुईमूग निम्मा उपटून झाला, निम्मा उभा आहे, कारण दोन हात कमी पडतात. कुणाचे ते लिहीत नाही. माझी धाकटी रोज विचारते, "लहान आई कधी येणार?" परवा तिला धपाटा घातला. मग तिच्यासाठी शेंगदाण्याच्या रश्शाचा दोमोदा केला, तर म्हणते, "लहान आईचा जास्त दाट होतो." दुसरा धपाटा घालणार होते, पण खरंच तुझा दाट होतो.

सहा वर्षांपूर्वी तू या घरात आलीस तेव्हा मी कुणाला काही बोलले नाही. बोलायचं काय? सवत येते, तशी आली. आपल्या नवऱ्याने, यांकुबाने, न्याय केला, कुणी नाव ठेवू नये असा. ईदेला दोघींना एकाच गठ्ठ्यातलं कापड, साबणाच्या सारख्या वड्या, दोन दोन दिवसांच्या स्वयंपाकाच्या पाळ्या. पण सुताय, कापड सारखं कापता येतं, माणसाचं बघणं सारखं कापता येत नाही. तू रेडिओवरची बातमी समजावून सांगायला लागलीस की यांकुबा चहाचा पेला हातात धरून बसायचा, चहा गार व्हायचा. माझ्यासमोर त्याचा चहा कधी गार झाला नाही. मी बोलायला लागायच्या आत संपलेला असायचा.

माझ्याकडे एकच गोष्ट होती जी तुझ्याकडे नव्हती. पक्ष. एकोणीस वर्षं मी तांबड्या पक्षाची याई कॉम्पिन, वॉर्डातल्या बायकांची पुढारीण. नवरा वॉर्डाचा अध्यक्ष झाला तो नंतर. सासरा तांबडा होता, माझी आई तांबडी होती, मताची गोटी कुठल्या रंगाच्या पिंपात टाकायची हे या घरात कुणी कुणाला विचारत नव्हतं. राजधानीहून, बांजुलहून, नेते येणार म्हटलं की तीन कढया भात माझ्या हातचा. नाचायला, गायला, बायका गोळा करायला मीच. आपला तांबडा म्हातारा निवडून गेला, त्याने पाच वर्षांत इकडे तोंड दाखवलं नाही, दवाखान्याची गाडी दिली ती चाकं नसलेली, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण आपला माणूस आपला असतो, असं मी म्हणायची.

तू नळावर म्हणालीस, "आपला आहे म्हणूनच त्याला जाब विचारायचा. परक्याला कोण विचारतं?" एकीने विचारलं, "मग त्या पोपटी पक्षवाल्याला, पोपट्याला द्यायचं का मत?" तर तू म्हणालीस, "तो? दोन पक्ष बदललेला, परदेशातून आला तर आपली भाषाही अडखळत बोलतो. आपला म्हातारा आळशी आहे, पण तो दुसरा कुणाचाच नाही. मत तांबड्यालाच द्या, पण देताना त्याला कान धरून सांगा." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. नंतर मी लोकांना तुझं अर्धंच बोलणं सांगितलं. उरलेलं अर्धं आज लिहिते आहे.

मग ती सभा. मी पहाटेपासून चुलीपाशी, डोळ्यांत धूर, अंगाला माशांचा वास. म्हातारा आला, माझ्या समोरून गेला, आणि जाताना विचारलं, "स्वागताचं भाषण वाचणारी पोरगी कुठाय?" तू वाचलंस. छान वाचलंस, मेली. गाडीचं, औषधांचं सगळं त्याच्या तोंडावर विचारलंस आणि तरी त्याला हसवलंस. त्याने स्वतःच्या खांद्यावरची तांबडी शाल काढून तुझ्या खांद्यावर घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पुढच्या वेळी बायकांची पुढारी अशी पाहिजे." यांकुबा टाळ्या वाजवत होता. मी कढईतला करपलेला भात खरवडत होते. एकोणीस वर्षांत मला त्याने एक रुमाल दिला नव्हता.

मतदानाच्या दिवशी आपण दोघी ईदेचं निळं कापड नेसून गेलो, कारण पक्षाचा रंग चालत नाही. रांगेत तू पुढे, मी मागे, मध्ये दोन बायका होत्या, आणि आपल्या दोघींचे रुमाल कपाळापर्यंत ओढलेले. पावाच्या सायकलवाल्याला पोलिसाने लांबूनच हाकललं, त्याची घंटी आणि गोटी पडली की पिंपात वाजणारी घंटा यांत घोळ नको म्हणून. मागच्या बाकावर म्हातारी तीदा बसली होती, तिला डोळ्यांनी दिसत नाही पण कानांनी सगळं कळतं. मी गोटी घेऊन पडद्याआड गेले. पहिलं पिंप तांबडं, शेवटचं पोपटी. तांबड्याच्या नळीत गोटी घालायला हात नेला, आणि त्या चिकटवलेल्या फोटोत म्हाताऱ्याच्या खांद्यावर तीच शाल. मी तशीच उभी राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. बाहेरून कारकून ओरडला, "बाई, झोपलात का?" मग चार पावलं चालत गेले आणि पोपट्यात टाकली. घंटा वाजली. त्या पोपट्याने माझ्यासाठी काय केलं होतं? काही नाही. मला फक्त तांबड्यात टाकायची नव्हती.

आपल्या केंद्रावर तांबडे हरले. असं कधी झालं नव्हतं. मोजायच्या भोकाभोकांच्या पाटीत गोट्या ओतून लावल्या तेव्हा पोपट्या अकरा जास्त. सगळे अंगणात जमले, फितूर कोण, फितूर कोण. तेव्हा तीदा म्हणाली, "यांकुबाच्या एका बायकोची घंटा फार उशिरा वाजली. कारकून ओरडला म्हणून लक्ष गेलं. पहिल्या पिंपाशी एवढा वेळ लागत नाही. कापड या दोघींचं ते ईदेचं निळं होतं असं शेजारी बसलेल्या माझ्या नातीने सांगितलं, पण बाई कोणती ते तिला दिसलं नाही." सगळ्यांनी आपल्या दोघींकडे बघितलं. आणि मी म्हणाले, "मी रांगेत मागेच होते. सुतायची वाजली उशिरा."

एवढंच बोलले. बाकीचं लोकांनीच जोडलं. नळावरचं बोलणं, म्हाताऱ्याला तोंडावर विचारणं, शाळा शिकलेली असणं. तू एकदाच म्हणालीस, "माझी घंटा वेळेवर वाजली." मग माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं होतं. तरी बोट दाखवलं नाहीस. त्याचाही मला राग आला. माझ्याहून चांगलं वागायचंही तुलाच जमतं.

फितूर ठरून तू नदीपलीकडे माहेरी गेलीस त्याच्या दहाव्या दिवशी मी यांकुबाला खरं सांगितलं. तो ओरडेल, काठी उचलेल असं वाटलं होतं. तो बराच वेळ चहाचा पेला धरून बसला. चहा गार झाला, सुताय. मग म्हणाला, "गप्प बस. धाकटी गेली तर लोक म्हणतील, धाकटी होती, पोर होती. पण पुढारीणच फितूर निघाली तर अध्यक्ष कसला आणि पक्ष कसला? तू राहा. तिचं आम्ही मिटवतो." तुला खोटं सांगत नाही, पहिल्यांदा मला आनंद झाला. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघींतून त्याने मला निवडलं. दोन दिवस मी तुझ्या पाळीचाही स्वयंपाक केला आणि गाणं म्हणत केला. तिसऱ्या दिवशी तो खालच्या आळीतल्या कुणाशी बोलताना ऐकलं, "फिलिजे हवी, तिच्याशिवाय बायका जमत नाहीत." तेव्हा कळलं की त्याने मला नाही, माझ्या तीन कढयांना निवडलं.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. शुक्रवारी नमाजानंतर यांकुबा आणि त्याचे दोन चुलते होडीने तुझ्या बापाकडे येणार आहेत. सोबत नातं जोडताना द्यायची कोला फळं आणणार नाहीत, यावरून समज काय तोडायला येतात ते. मी तिथं येऊन बोलू शकत नाही, पुरुषांच्या बैठकीत मला कोण बसू देईल? तर हे पत्र तुझ्या बापाला दे. तो मास्तर होता, त्याचा आवाज मोठा आहे. सगळे बसले, पाणी पिऊन झालं की त्यांच्यासमोर पहिल्या ओळीपासून वाचायला सांग, दोमोदाचं आणि शालीचंही वाचायला सांग, आणि एक ओळ गाळू देऊ नकोस: पोपटी पिंपात गोटी टाकली ती फिलिजेने, सुतायने नाही. मग तुझं तू ठरव. त्याच होडीतून परत आलीस तर भुईमूग अजून उभा आहे. पण तुझ्या पाळीचे दोन दिवस मी जास्त केलेत, ते आधी फेडून घेईन. पहिले दोन दिवस चूल तुझी, आणि तो माझा. त्यात काही न्याय-बिय सांगू नकोस.

तुझीच, तुला आवडो न आवडो,
थोरली फिलिजे