गव्हाणच्या खाडीतली चूक माझी

मी, वसुंधरा केळुसकर, वय ७२, निवृत्त सागरी जीवशास्त्रज्ञ, राहणार कामोठे, तालुका पनवेल, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला ते लागत नाहीत.

१. राहता फ्लॅट भाचा हितेश याला मिळावा. माझ्या शिंपल्यांच्या बरण्या पाहून तो "मावशी, हा कचरा कधी काढणार?" म्हणतो, म्हणून बरण्या त्याला नाहीत. बाकी पोरगा गुणी आहे, माझ्या औषधांच्या वेळा त्याच्याच लक्षात असतात.

२. बरण्या व सूक्ष्मदर्शक गव्हाणच्या शाळेला. भिंग पदराने पुसू नये. मी पुसलंय, म्हणून सांगते.

३. आता मुख्य. गव्हाणच्या खाडीत सव्वीस वर्षं दर अमावास्येच्या ओहोटीला, चिखलावर लोखंडी चौकट ठेवून मी आतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, मोजल्या. पहिल्याच वर्षी कंबरेपर्यंत रुतले, तेव्हा तिसऱ्या वेचणाऱ्या गुणाबाई कोळी यांनी मला ओढून काढलं, वर चार शिव्याही घातल्या. चिखलात चालायला त्यांनीच शिकवलं. आणि मी काय केलं? चौकट रिकामी दिसू लागली, तशी अहवालात लिहून मोकळी झाले, की वेचणाऱ्या बायकांनी खाडी खरवडली. त्या अहवालावरून सरकारने दोन वर्षं त्यांना खाडीत उतरू दिलं नाही. गुणाबाईंनी एकदाच सुनावलं, "बारकी आमी तिवरांखाली नेऊन टाकतो, वाढाया. तितं बघलंस का कदी?" नव्हतं बघितलं. गेले, तर तिथे पिल्लंच पिल्लं. सुधारलेला अहवाल मी पाठवला, तो कोणी वाचला नाही. गुणाबाई नऊ वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. फार लागलं ते मला.

४. मोजणीच्या सर्व वह्या गुणाबाईंची नात मोनाली हिला, ती आता हेच शास्त्र शिकते. पहिल्या पानावर तिने माझी चूक लिहावी. मोजणी चालू ठेवावी, एक चौकट तिवरांखालीही ठेवावी.

५. माझ्या मोत्यांच्या कुड्या गुणाबाईंना द्यायच्या होत्या. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही ठेवू नका, मागाहून वाद होतात. आज मोनाली आजीला घेऊन आली. मी विचारलं, "कुड्या की साक्ष?" गुणाबाईंनी मोनालीकडून कलम तीन दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "कुड्या पोरीला दे. आंगठा कुठं करू, ता सांग." तेव्हा कुड्या मोनालीला.

ठिकाण: कामोठे. दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५.
सही: वसुंधरा केळुसकर

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार:
१. बाळू ठोंबरे, कामोठे. धंदा: रिक्षाचालक. (सही)
२. गुणाबाई धर्मराज कोळी, गव्हाण. धंदा, त्यांनी सांगितला तसा: तिसऱ्या वेचणे आणि वाढवणे. (डाव्या हाताचा अंगठा)