आग लागल्यास बाणामागून जावे

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

मामींच्या गुडघ्याला आणि तुमच्या रागाला उतार पडला असेल, अशी आशा करतो. इकडे मी मजेत. (हे वाक्य तूर्तास खरं धरावं.)

तुमच्या शब्दाखातर तुमच्या वर्गमित्रांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, मला नोकरी दिली आणि परवा पहिलं स्वतंत्र कामही दिलं. आग लागली तर ऑफिसातून कुणी कसं बाहेर पडायचं, याची आकृती. शेजारच्या टायपिस्टबाई म्हणाल्या, माउसनं चार चौकोन ओढ आणि मोकळा हो. पण मला ते कमीपणाचं वाटलं. (शाळेत माझ्या वर्तुळाला मास्तर बटाटा म्हणायचे, हे तुम्हाला ठाऊकच आहे.) हल्ली आकृती काढत नाहीत मामा, लिहितात. 'टेबल', पुढे बाण, पुढे 'जिना' असं कोडमध्ये टाइप करायचं; चौकोन कुठे बसवायचे ते कॉम्प्युटर बघतो. मी हौसेनं त्यात एक प्रश्नही घातला: 'खाली पोचलात का?' 'नाही' असेल तर जिना, 'हो' असेल तर फाटक. फक्त 'हो'ची ओळ मी 'नाही'वरून उतरवून घेतली आणि त्यातला जिना बदलायचा राहिला.

आकृती इतकी देखणी उतरली की साहेबांनी न वाचताच मजल्यामजल्यावर लावली आणि काल सराव ठेवला. घंटा झाली. आमची माणसं शिस्तीची. खाली पोचली, आकृती वाचली, 'हो' म्हणाली आणि मुकाट्यानं पुन्हा जिना चढली. उतरणारे आणि चढणारे मधल्या वळणावर अडले, तेव्हा हिशेबनीसांनी चढणाऱ्यांना डावी बाजू नेमून दिली. त्यानं तर फेऱ्या अधिकच सुरळीत झाल्या. फाटकाबाहेर ताटकळलेले साहेब शेवटी बघायला आत आले, आकृतीपुढे चष्मा लावून उभे राहिले आणि तेही चढू लागले.

बाहेर पोचल्या त्या फक्त टायपिस्टबाई. त्यांनी आकृती पाहिली नव्हती का, असं मी विचारलं.

"दार दिसत होतं," त्या म्हणाल्या.

आपला,
(अजून तरी) नोकरदार भाचा

ता. क. साहेबांशी फोनवर बोलाल का? 'पोरगा मुळात हुशार आहे' एवढंच म्हणा. ते धापा टाकत असले तर घाबरू नका, त्या जिन्याच्या आहेत.

ता. क. २. आकृती मी दुरुस्त केली. बाण आता थेट फाटकाकडे जातो. फक्त कॉम्प्युटरनं फाटकाचा चौकोन गच्चीच्याही वर नेऊन ठेवलाय. उद्या पुन्हा सराव आहे, तेव्हा फोन आजच करा.