गाडीचं तोंड

किन्नौर,
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय वन्सं,

सविताचा नमस्कार. आम्ही दोघं सुखरूप आहोत. म्हैस तुम्हाला लाथा मारत नाही ना? भात पोटरीला आलं असेल आणि मी इथे सफरचंदं बघत फिरतेय, म्हणून मळवलीत कोण काय बोलत असेल ते मला इथूनही ऐकू येतंय. बोलू द्या.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणाल. फोनवर तुमचे भाऊ शेजारी असतात, आणि जे सांगायचंय ते मला रडल्याशिवाय तोंडाने सांगता येणार नाही.

तर चंदीगडला उतरून आम्ही भाड्याची गाडी घेतली. सेल्फ ड्राइव्ह, म्हणजे आपली आपण चालवायची. लोणावळ्यात जन्मभर टॅक्सीतून पर्यटकांच्या पार्ट्यांना पॉइंट दाखवत फिरलेला माणूस, पैसे भरून पुन्हा ड्रायव्हरच झाला! मी हसले, तर म्हणाले, "आजवर लोकांच्या बायका फिरिवल्या, आता माजी फिरिवतो." इथले रस्ते असे, की आपला खंडाळ्याचा घाट म्हणजे अंगण. मी डोळे मिटून बसले होते. हे शीळ घालत होते.

सफरचंदाची झाडं बुटकी असतात, आपल्या पेरूएवढी. फळ ओढून तोडायचं नाही, वर उचलून हलकेच फिरवायचं. मी करवंदं ओरबाडावीत तशी ओढायला गेले, तर हातावर चापटी बसली. ओढलं की शेजारचा डोळा तुटतो, आणि पुढच्या वर्षीचं फळ त्याच डोळ्यातून येतं म्हणे. चापटी कुणी मारली, ते लिहायला हात अडतोय.

कोमलने.

होय वन्सं, तुमच्या भाचीने. इकडून येऊन खंडाळ्याच्या हॉटेलात काम करणाऱ्या अमृतशी तिने लग्न केलं, ती त्याच्या गावी इथे आली आणि ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मला "कोमलची आई" अशी हाक मारायचे, तीही टाकली. चार वर्षं नुसतं "अगं ए".

पत्ता मी कधी दिला नव्हता; ह्यांनी तो कधी मिळवून ठेवला, देव जाणे. ह्यांनी रस्ता एकालाही विचारला नाही आणि गाडी बरोबर तिच्या बागेच्या फाटकाशी आणली. पण लगेच गाडी वळवली, तोंड परतीच्या रस्त्याकडे केलं आणि म्हणाले, "तू जाऊन ये. म्या गाडीत थांबतो." पार्टी बंगल्यात जाते नि ड्रायव्हर बाहेर थांबतो, तसं! मला असा राग आला की दार आपटूनच गेले. तिचे सासरे चहा घेऊन फाटकाशी गेले. ह्यांनी खिडकीतून कप घेतला आणि खिडकीतूनच परत दिला.

तोडणी चालू होती. पेट्या भरलेली पिकअप कोमल स्वतः बागेतून वर रस्त्याला काढायला निघाली. चढावर गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली तर मागे घरंगळायला लागली, क्लच जळाल्याचा वास सुटला. तेवढ्यात फाटकाकडून आरोळी आली, "हँडब्रेक! हँडब्रेक वढ आदी!"

अनवाणी धावत आले हो. "हाप क्लचवर गाडी धरत्यात व्हय? कुनी शिकिवलं गं तुला?"

अमृतने घाबरत हात वर केला.

"तरीच!" जावयाशी बोललेला हा पहिला शब्द.

कोमल रडत म्हणाली, "लोनावळ्यात मी लय मागं लागलेवते, आबा. तुमी शिकिवलं न्हाई."

ह्यांनी फाटकाकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता माघारी फिरतात. पण ते पलीकडून चढून तिच्या शेजारी बसले. जन्मात कधी डावीकडे न बसलेला माणूस! म्हणाले, "सोड आता हळू. म्या हाय." आणि पिकअप वर चढली.

आज सकाळी पाहिलं तर आमची गाडी आत अंगणात उभी, तोंड घराकडे. मुक्काम वाढवलाय. लेकीला चढ शिकवायचाय म्हणे, आणि जावयाला तर सगळंच. दिवाळीला दोघं मळवलीला येतील. बोलावणं ह्यांनीच केलं. तिच्या खोलीत आपण भाताची पोती रचलीत, ती तेवढी हलवून ठेवा.

आता थांबते. अंगणातून मला हाक येतेय, पुन्हा पुन्हा. तीच जुनी हाक. ऐकायला इतकं बरं वाटतंय, की ओ द्यायला मुद्दाम उशीर लावतेय.

तुमची,
कोमलची आई