सेजलचं वजें

लाटंबार्से, डिचोली
११ ऑगस्ट २०२५

चि. दत्तप्रसाद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

परवा राखी बांधून तू पावसातच निघालास. हळर्णला नीट पोचला असशील. गौरवीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, चवथीची धावपळ एकटीने अंगावर घेऊ नको. इकडे ह्यांचा खोकला उतरला. गणपतीवरच्या माटोळीला बांधायला सुपारीचा चांगला घड राखून ठेवला आहे.

पत्र बघून तुला हसू येईल. पण फोनवर तू मला हसवतोस आणि हसता हसता मी हो म्हणून बसते. खाणी बंद पडल्या तेव्हा तसंच झालं होतं. तुझ्या टिप्पर ट्रकचे हप्ते थकले म्हणून माझं क्रेडिट कार्ड तू महिनाभरासाठी नेलंस. तो महिना अजून संपायचा आहे. वसुलीवाले आले ते माझ्या दारात. आम्ही इतके गांगरलो की ह्यांनी त्यांना चहा करून दिला. शेवटी तडजोड करून थोडं कमी भरलं आणि मिटवलं. पण बँकांच्या नोंदीत 'सेटल्ड' असा शेरा राहिला, आणि पुढे छपरासाठी कर्ज मागायला गेले तर कोणी दारात उभं करेना.

मग ठेव मोडायची नाही ह्या अटीवर, ठेवीवरचं एक छोटं कार्ड घेतलं. त्यावर मी फक्त गॅसचं सिलिंडर घेते आणि बिल आलं की लगेच भरते. दोन वर्षं हेच व्रत केलं, तेव्हा कुठे नाव जरा धुवून निघालं.

आणि परवा राखीचा हात पुढे ठेवूनच तू म्हणालास, "ताये, तुजो स्कोर आता बरो झालो मगे. दोन नवी कार्डां काढ. पोरीचां वजां थाटान जावंक जाय."

सेजलची लग्नानंतरची पहिली चवथ, माहेरून फळाफराळाच्या ताटांचं वजें जायलाच हवं, हे मला कोणी शिकवायला नको. पण तुला हवा टेम्पो, चांदीची समई, पणजीच्या दुकानातली मिठाई. सर्वणला तिच्या सासरी शेजारणी येऊन ताटं मोजतात म्हणे. त्या मोजणार म्हणून मी कार्डं काढायची. बँकेतल्या बाईंनी मला आधीच सांगून ठेवलंय, एकदम दोन ठिकाणी अर्ज केले की बँकांना वाटतं ही बाई परत अडचणीत आली, आणि मिळवलेलं घसरायला लागतं. हे मी तुला परवाही सांगितलं. तू लाडू खात होतास.

तरी खरं सांगू? तू गेल्यावर मी आधार आणि पॅन पर्समध्ये घातलं होतं. भाऊ एकच, आणि सेजलला मी कडेवर वाढवलं. छप्पर आणखी एक पावसाळा गळेल, गळू दे, असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

काल ती आली. एकटीच. मग कळलं, ती आणि सिद्धेश घरासाठी कर्ज मागायला गेले होते. बँकेने सांगितलं, सेजलच्या नावावर एक क्रेडिट कार्ड आहे, आणि ते कधीपासून थकलेलं आहे. घरी त्यांच्या आईने विचारलं तर जावई म्हणाले, कागद कमी पडले.

तिला पहिली नोकरी लागली तेव्हाचं कार्ड ते. मी विचारलं, तुला कसं कळलं नाही गं?

"बाबान फोन करून ओटीपी विचारल्यान, मी सांगलंय," ती म्हणाली. "बापाशीक कोण कित्याक म्हणून विचारता?"

दत्तू, माझं नाव तू मातीत घातलंस, ते मी गिळलं. पोरीचंही? आणि त्याच पोरीच्या मिरवणुकीसाठी परत माझ्या दारात? मला तुझी शिसारी आली.

आज बँकेत गेले होते. तुझ्या कार्डांसाठी नाही. सेजलचं थकलेलं सगळं भरलं. तडजोड केली नाही, तो शेरा तिच्या कपाळी नको. छपराचे साठवलेले त्यात गेले. तुझ्यासाठी गेले असं समजू नकोस. नवीन कार्ड मी काढणार नाही, तिलाही काढू देणार नाही. पुढे कधी हवंच तर माझ्यासारखं ठेवीवरचं घेईल, आणि ओटीपी बापालाही सांगणार नाही.

वजें माझ्या परसातलं जाईल. केळी, नारळ, पपनसासारखी तोरिंगं, आणि मी खोबरं भरून तळलेल्या नेवऱ्या. बाप म्हणून पुढे चालायला ये, हात हलवत आलास तरी चालेल. शेजारणी मोजतील, मोजू देत.

जाताना सेजलने मला शपथ घातली होती. बाबांना कळू देऊ नको, त्यांना वाईट वाटेल, म्हणाली. ती शपथ मोडून हे लिहिते आहे. तुला वाईट वाटावं म्हणूनच लिहिते आहे.

यंदा चवथीला मला ताई म्हणून हाक मारू नकोस.

सेजलची आत्या,
भाग्यलक्ष्मी