स्वस्त, मस्त आणि सुसंस्कृत देश

३ जानेवारी
ठरलं. यंदा मे महिन्यात परदेश. लग्नाला पंचवीस वर्षं होतात. दरवर्षी ठरतं तसं नाही, यंदा खरंच ठरलं, म्हणून ही नवी वही. अटी दोनच. देश स्वस्त हवा आणि संस्कृतीने ओतप्रोत हवा. श्रीमंत देशांत संस्कृती नसते, नुसत्या लिफ्ट असतात. हे अधिकाराने लिहितो. लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात सत्तावीस वर्षं काढली आहेत.
हिला सांगितलं. ही इस्त्री करत होती. म्हणाली, बरं. पुढे बोलवेना तिला. भरून आलं असणार.

८ जानेवारी
चौदा देशांचा तक्ता केला. रकाने : हवामान, जुन्या इमारती, भिंतींवरची चित्रं, लोकनृत्य, पाणी उकळून प्यावं लागतं का. गुण दहापैकी. हिला विचारलं, तुला काय बघायचंय. म्हणाली, समुद्र. समजावलं, की समुद्र म्हणजे संस्कृती नव्हे, पाणी. रकाना वाढवला नाही.

२४ जानेवारी, रविवार
चौदांतून तीन उरले. मुलीचा फोन. नोकरी दुसऱ्या शहरात, पण सल्ले घरपोच. म्हणाली, बाबा, आधी तिकिटं काढा, तक्ते विमानात करा. या पिढीला संयम म्हणून नाही. मग आईला फोन द्या म्हणाली. दोघी पाऊण तास बोलल्या, दार लावून. माझ्या योजनेचंच कौतुक चाललं असणार.

२ फेब्रुवारी
देश ठरला! हजार वर्षांपूर्वीच्या गुहा, बाहुल्यांचे खेळ, गावोगाव हातमाग. आणि दोघांचं पोटभर जेवण म्हणजे आपल्याकडचा एक चहा. संस्कृती आणि काटकसर एकत्र नांदतात ती अशी.
ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. तिथली बाई म्हणाली, हा रेट शनिवारपर्यंतच. मनात हसलो. हा शनिवार मी ओळखतो. मोटरवाले, बटणवाले, दोरखंडवाले, सगळ्यांचा भाव शनिवारपर्यंतच असतो, आणि सोमवारी तेच हात जोडून दारात उभे.

८ फेब्रुवारी, सोमवार
दारात कोणी नाही.

१० फेब्रुवारी
रेट वाढला. तात्पुरता. थांबायचं. आणखी दोन कोटेशनं मागवली. तीन कोटेशनांशिवाय मी कधी टाचणीही घेतलेली नाही.

१ मार्च
हिची थोरली बहीण आली होती. साडू जाऊन दीड वर्ष झालं, एकटीच असते. ही म्हणाली, ताईलाही नेऊ या का. मी ताईंसमोरच नीट समजावलं, की तक्ता दोघांच्या हिशेबाने केलाय, तिसऱ्या माणसाने खोलीचं गणित बिघडतं. ताई म्हणाल्या, छे हो, मी कशाला मध्ये. ही जेवताना एक शब्द बोलली नाही. स्पष्टवक्तेपणा पचायला वेळ लागतो.

१९ मार्च
रजेचा अर्ज अजून दिलेला नाही. पंधरा दिवस मी नसलो तर खातं कोलमडेल. साहेबांच्या मनाची हळूहळू तयारी करायला हवी. आज जेवणाच्या सुट्टीत सूचक बोललो, की साहेब, गुहा बघण्यासारख्या असतात. साहेब म्हणाले, कुठल्या फायलीत?

२ एप्रिल
अर्ज दिला. साहेबांनी मान वर न करता सही ठोकली. म्हणाले, पंधरा दिवसांनी काय होतंय, महिनाभर घ्या. हा विश्वास! शेजारच्या टेबलावरची नवी बाई म्हणाली, काका, तुमच्या फायली मी बघेन, तशाही मीच बघते. पोरगी विनोदी आहे.

३ एप्रिल
महिनाभर का म्हणाले?

५ एप्रिल
रजा रद्द केली. सध्या खुर्ची सोडणं शहाणपणाचं नाही. कंपनीसाठी एवढा त्याग करणारा दुसरा कोण आहे? हिला सांगितलं, मेऐवजी सप्टेंबर. गर्दी कमी, रेटही उतरलेले. ही भाजी निवडत होती. म्हणाली, बरं. समजूतदार आहे.

१५ एप्रिल, दुपारी ४
हिचा ऑफिसात फोन. पंचवीस वर्षांत हिने ऑफिसात कधी फोन केलेला नाही. म्हणाली, अहो, मी आणि ताई एजंटकडे बसलोय. आमची दोन तिकिटं काढली, अकरा मेची. माझ्या शिकवणीच्या पैशांतून काढली. अजून एक सीट आहे. तुमचं काढू का? सहापर्यंत सांगा, तोवर थांबते.
मी म्हटलं, घाईत होकार देऊ नये. खिडकी मिळेल का, वाटेत विमान किती वेळ थांबतं, सगळं लेखी माग. म्हणाली, हो की नाही, एवढंच सांगा.

५.१०
जावं असं वाटतंय.

५.४०
जावंच. पण लगेच फोन केला तर आपण लगेच नमतो असा पायंडा पडेल. पाच मिनिटं उरली की करायचा.

५.५५
साहेबांनी बोलावलं. स्टेपलर कुठे ठेवलाय ते विचारायला.

६.१०
फोन केला. एजंटबाई म्हणाली, त्या आत्ताच गेल्या, सव्वासहाची बस होती. तिसरं तिकीट तुमच्या मुलीच्या नावाने काढलं. सहा वाजेपर्यंत दोघी दाराकडेच बघत होत्या, असंही म्हणाली. त्यांना वाटलं, मी समक्ष येईन.
नसती अपेक्षा.

११ मे
विमानतळावर पोचवायला गेलो. दिवसवार वेळापत्रक दिलं, लॅमिनेट करून. एका परीने बरंच झालं. देशाची पाहणी आधी होऊन जाईल. सप्टेंबरमध्ये मला थेट निवडक तेवढंच बघता येईल. मुलीने मिठी मारली. ही म्हणाली, दूध सहाला येतं, पातेलं झाकून ठेवत जा. मग तिघी आत गेल्या. काचेतून बराच वेळ हात हलवला. त्या बाजूने काच आरशासारखी दिसत असणार.

१४ मे
लग्नाचा वाढदिवस. फोन केला. मुलीने घेतला. म्हणाली, आई हातमागावर बसलीय, हात मोकळे नाहीत. मागून ठकठक ऐकू येत होती. मी म्हटलं, आज गुहा आहेत ना? मुलगी म्हणाली, बाबा, जेवलात का?
जेवलो नव्हतो. हो म्हणालो.
ऑफिसात गेलो तर माझ्या खुर्चीत नवी बाई. अर्जातली रजा आजपासून होती, ती रद्द केलेली साहेबांच्या लक्षातच नव्हती. तिला उठवणं बरं दिसेना. दिवसभर पाहुण्यांच्या बाकावर बसलो. तिथून खात्यावर चांगली नजर राहते.

२७ मे
दोघी आल्या. मुलगी परस्पर तिच्या शहरात गेली. ही काळवंडली आहे, आणि चालताना हात हलवते. पूर्वी हलवत नसे. काय काय पाहिलं विचारलं. म्हणाली, बरंच. तक्ता घेऊन बसलो, एकेक रकाना वाचू लागलो. म्हणाली, उद्या.

२९ मे
आजही उद्या म्हणाली.

३० मे, रविवार
संध्याकाळी ताई आल्या, शेजारीण आली. प्रवासाच्या गप्पा सुरू झाल्या. मी आपणहून चहा टाकला. स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं. हिचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.
ही सांगत होती, की जिच्याकडे उतरलो होतो ती म्हातारी रोज खुणांनी विचारायची, तुझा नवरा कुठे? पहिल्या दिवशी सांगितलं, घरी आहे. म्हातारीला वाटलं, आजारी आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, कामावर आहे. म्हातारी म्हणे, मग संध्याकाळी येईल, आणि एक ताट जास्त मांडून बसली. किती समजावलं, तिला काही कळेना. शेवटी सांगून टाकलं, की नाहीये नवरा. तेव्हा तिने चौथं ताट उचललं, माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि त्या दिवसापासून मला जास्त वाढायला लागली.
तिघी हसल्या. मीही हसलो, ओट्यापाशी. मग ही थांबली. हलक्या आवाजात म्हणाली, खरं सांगू का, खोटं बोलतेय असं वाटलंच नाही गं.
त्यावर कोणी हसलं नाही. ताईंचा आवाज आला, हळू बोल. ही म्हणाली, ऐकू दे.
मी ट्रे घेऊन दाराशी पोचलो होतो. तसाच मागे फिरलो. ट्रे ओट्यावर ठेवला, मागच्या दाराने जिना उतरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. चहा त्यांनी स्वतःच नेला होता. तीन कप नेले होते, चौथा तिथेच होता.
उभ्यानेच प्यायलो. कुठे गेला होतात, असं कोणी विचारलं नाही.