लक्ष्म्यांपुढलं बुलढाणा ठेसन

श्रावण व. ५, रविवार
आजपासून मधली खोली गेली. ह्यांनी माळ्यावरून आगगाडीची पेटी उतरवली. बाजाराचा दिवस, दुकानापुढे घड्याळं घेऊन माणसं बसलेली, आणि आमचे घड्याळजी घरात रुळांना तेल पाजत होते. कुणी साहेब विलायतेला जाताना हा मोडका खेळ टाकून गेला. ह्यांनी त्यात नवी स्प्रिंग बसवली. तेव्हापासून दर महालक्ष्म्यांना आमच्याकडे गाडी धावते. लक्ष्म्या मध्ये, गाडी त्यांच्याभोवती, आणि पुढ्यात दरसाल एक मोठा देखावा. बाया लक्ष्म्यांना हात जोडतात आणि गाडीपुढेच बसून राहतात. परसाल चालती मोट होती. यंदा काय, ते सांगत नाहीत.

माझं मन त्यात नाही. लेकीला, वच्छीला, सासरच्यांनी दोन वर्षं लक्ष्म्यांना माहेरी पाठवलेलं नाही. मलकापूर काय विलायत आहे?

श्रावण व. ६, सोम
कळलं. राजूरचा घाट. घाटात बोगदा, बोगद्यातून गाडी बाहेर, आणि पुढे ठेसन. पाटीवर मोठ्या अक्षरांत बुलढाणा.

"ज्या गावाले रूळ नाही त्याले ठेसन?"

"नागपूरले दरसाल अर्ज जातेत. सरकार देत नाही, तं म्या देतो."

बोलण्यात कोण हटवणार ह्यांना! ह्याच तोंडाने वच्छीच्या लग्नात घोळ केला. व्याह्यांनी कौतुकाने खिशातलं घड्याळ काढून मुहूर्ताची वेळ सांगितली. ह्यांनी ते घेतलं, कानाला लावलं आणि भर मांडवात म्हणाले, "हे मागं चालते. याच्या भरवशावर राह्यलो तं पोरगी बोहल्यावरच म्हातारी होईन." मांडव हसला. घड्याळ व्याह्यांच्या वडलांचं होतं. ह्यांना घड्याळ दिसलं, व्याही दिसले नाहीत. विहीणबाई तिथंच म्हणाल्या, "आमची येळ पाह्यणारे तुमी कोण? आता पोरगी येईन ते आमच्या येळेनं."
ती येळ अजून आलेली नाही.

श्रावण व. ११, शनि
घाट उभा झाला. आत खोकी, वर गोणपाट, त्यावर खळ आणि माती. खळीला कणीक माझी. गोणपाटात बाजरी पेरली आहे. पाणी शिंपडायचं काम अर्थात माझं. लक्ष्म्या येईतो डोंगर हिरवा होईल म्हणतात.

फलाटावर दोन बाहुल्या, सागाच्या. एक टोपीवाला, हात पुढे केलेला. दुसरी हिरव्या लुगड्यातली, हातात ट्रंक, नाक थोडं बसकं.  नाक कुणाचं ते मला कळतं.

"आन् मी कुठं?"

"तू घरात. सैपाक करून राह्यली."

घर म्हणजे कोपऱ्यात एक पुठ्ठ्याचं खोकं, दार नुसतं रंगवलेलं. पोरगी दोन वर्षांनी येते आणि आई रंगवलेल्या दारामागे! दिवसभर बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

श्रावण अमावास्या, पोळा
बैल ओवाळून झाले तशा शेजारच्या गोदाबाई ताट हातात घेऊनच आल्या. विहीणबाईंच्या मावसबहीण लागतात त्या. निरोप सांगितला, "अक्का माह्याकडं येऊन राह्यली लक्ष्म्यांले. सून संगं आहे. पूजेच्या दिवशी तुमच्याकडं जेवाले येतो म्हणे. पोरीले ठेवाचं का वापस न्याचं, ते पाह्यल्यावर ठरवीन."

काय पाहणार? मला, ह्यांना, घराला, सगळंच.

ह्यांना सांगितलं. हातातली पकड खाली ठेवली, पुन्हा उचलली. म्हणाले, "बोगद्याचा रंग राह्यला." आणि पाठ करून बसले. त्यांना काय होतंय ते मला पाठीवरूनही दिसतं.

बजावून ठेवलं आहे: वि.बाई घरात असेतो कोणाचंही घड्याळ हातात घ्यायचं नाही.

भाद्रपद शु. ४, रवि
गणपती बसले. दुपारी गाडी चालवून पाहिली. लक्ष्म्यांचा पाट अजून रिकामा, भोवती रूळ. घाट खरंच हिरवागार. डावीकडे बोगदा, त्यातून इंजिन बाहेर, हे तोंडाने शिट्टी घालतात, गाडी उजवीकडे ठेसनात. आत्ताच वच्छी उतरली असं वाटतं. मी तीनदा चालवायला लावली. गोदाबाईंनी कानशिलावर बोटं मोडली.

ह्यांचा राग धरावा तर असं काही करून ठेवतात.

शु. ७, बुध
लक्ष्म्या आल्या. दारापासून कुंकवाच्या पावलांवरून आणल्या, पाटावर बसवल्या. आता विसर्जनापर्यंत हलवायच्या नाहीत, पाटाला धक्कासुद्धा नाही. ह्यांनी गाडीला आज विश्रांती दिली. उद्यासाठी स्प्रिंग ताजी हवी म्हणे.

सोळा भाज्या निवडून बोटं हिरवी. वच्छीला आंबील आवडते, जास्त केली आहे.

शु. ८, गुरु
लिहू नये असं वाटतं, पण लिहिते.

वच्छी आली. वाळली आहे. वि.बाईंच्या मागे उभी, पदर कपाळापर्यंत. पूजा झाली, जेवणं झाली. वि.बाईंनी पुरणपोळी दुसऱ्यांदा मागून घेतली. माझा जीव भांड्यात पडला. मग बाया जमल्या आणि ह्यांनी गाडी सोडली. बोगदा, शिट्टी, ठेसन. बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

वि.बाई म्हणाल्या, "थांबवा."

थांबवली.

"देवीले डाव्या हाताले ठेवून फिरते काय कोणी? उलटी परदक्षिणा! लक्ष्म्यांले वापस धाडता काय तुमी?"

 खरंच की! रिकाम्या पाटाभोवती तीनतीनदा पाहिली, देवी मध्ये आल्यावर प्रदक्षिणा होईल हे ना ह्यांना सुचलं ना मला. मी तर दरसाल ह्याच खोलीत प्रदक्षिणा घालते. परसाल गाडी कुठून फिरत होती ते आता आठवतही नाही.

मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार आणि संपलं. तर ह्यांनी गाडी उचलली, डब्यांसकट फिरवून ठेवली, चावी दिली. आता गाडी ठेसनातून निघाली आणि बोगद्यात शिरली. देवी उजव्या हाताला, सगळं शास्त्राला धरून.

वि.बाई हसल्या. "आता बराबर. सून सासरी निंगाली."

बाया हसल्या. फलाटावर तीच ट्रंक, तोच पुढे केलेला हात. पण आता तो निरोपाचा दिसायला लागला.

वच्छी गाडीजवळ बसली होती. हळूच म्हणाली, "बाबा, मी उतरून राह्यली का चढून राह्यली?"

ह्यांनी नुसती गाडीची चावी काढून घेतली. एरवी जिभेला हाड नसलेला माणूस!

वि.बाई तिला घेऊन गोदाबाईंकडे गेल्या. "उद्या हळदीकुंकवाले येतो. मंग पाहू."

शु. ९, शुक्र
सकाळी हे देखाव्यापुढे बसलेले. बोगदा आणि ठेसन यांची अदलाबदल करू म्हणतात. म्हटलं, "डोंगर ओढसान तं पाट हलंन. लक्ष्म्या बसल्या हायेत." मग म्हणाले, बाहुल्या काढूनच टाकतो. तेव्हा मला राग आला.

"काढू नका. मले कोरा."

"काय?"

"मले कोरा. आन् दार कापा."

ह्यांनी सागाचा तुकडा घेतला. मी पुठ्ठ्याच्या घराचं दार स्वतः पातं घेऊन कापलं, वाकडं का होईना उघडलं. फलाटावरची वच्छी उचलली आणि दारात आणून ठेवली. ट्रंक ह्यांच्या बाहुलीच्या पुढे केलेल्या हातात अडकवली आणि ती बाहुली वाटेवर, पोरीच्या मागे. दुपारपर्यंत मी तयार झाले. लुगड्याचा रंग ओला, तोंड कोरायला वेळ नव्हता. उंबऱ्यात उभी केली. फलाट रिकामा. आता गाडी हवी तिकडे जाऊ दे, पोरगी घरी पोचली.

वि.बाई आल्या. हळदीकुंकू घेतलं, देखाव्यापुढे वाकल्या. 

"ही दारातली कोण?"

"मी."

"तोंड काऊन नाही?"

"येळ नोता."

"घड्याळजीच्या घरी येळ नाही," म्हणाल्या. हसल्या की नाही, सांगता येत नाही. मग कनवटीचं काहीतरी सोडवलं आणि पदरावरच ह्यांच्यापुढे धरलं. व्याह्यांचं घड्याळ.

"बंद पडलं. त्याईनंच देल्लं, म्हणे दाखवा. दुरुस्त होईस्तोवर वच्छी राहू द्या इथं. तिच्याच हातून पाठवा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा घेतलं. कानाला लावलं नाही. दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाला लावलं. मी त्यांना देवापुढेसुद्धा इतकं वाकलेलं पाहिलं नाही.

लक्ष्म्या बोळवताना रडू आलं. सगळ्यांना वाटलं लक्ष्म्यांसाठी.

भाद्रपद व. ३, रवि
आगगाडी माळ्यावर गेली. घाट परसात, बाजरी पिवळी पडली. बाहुल्या वच्छीने देवळीत मांडल्या आहेत.

मलकापूरच्या मोटारवाल्याने दुकानात निरोप दिला: घड्याळ झालं का, विचारलं आहे. "काम नाजूक हाय, सांगा," हे म्हणाले. घरी येऊन मला सांगताना माझ्याकडे पाहत नव्हते. वच्छी चुलीपुढे होती. तिने ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटवली. राहायचं की जायचं, तिच्या मनात काय आहे ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

हे दुकानात गेल्यावर मी घरातल्या फळीवरून घड्याळ काढून पाहिलं. चावी अर्धा वळसा फिरवली, तर लगेच टिकटिक सुरू. काही बिघडलेलं नाही. फक्त चावी द्यायची राहिली होती. इतकी वर्षं ज्यांच्या घरात हे घड्याळ आहे त्यांना हे ठाऊक नसेल? आणि ह्यांना?

टिकटिक थांबेपर्यंत मी ते हातात धरून बसले. मग होतं तसं फळीवर ठेवून दिलं.