वाकडी करंगळी

माजी नवरोबा,

माझी चित्रं स्वतःच्या नावावर छापलीस आणि वर तोंड करून विचारलंस, पुरावा काय? पुरावा तूच केलास. शरीरशास्त्राच्या पुस्तकातला तो हात मी माझा डावा हात समोर ठेवून काढला होता. तू दारात चेंगरून मोडलेली करंगळी जशी वाकडी जुळली, तशीच चित्रात उतरली. वकीलबाईंनी माझा एक्स-रे टेबलावर ठेवला आणि तू मुकाट्याने भरपाईला तयार झालास.

पैसे खात्यात नकोत, चेक स्वतः आणून दे, एवढीच माझी अट वकीलबाईंनी तुला कळवली आहे. मी साखळी लावून दार थोडंसं उघडेन. चेक फटीतून आत धर. दार तेच आहे.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. नाहीतर तू हात आत घालणार नाहीस.

वाट बघतेय,
तुझी एकेकाळची बायको